एकतीस वाटे

“ह्यो कोणाचो?”

“इश्राम मेतराचो.”

“आनी ह्यो?”

“मंजुळा केळुसकरणीचो.”

मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो. माझ्या पाठीमागे वाळूवर भिवाकाका सारंग एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारत होते आणि मी मागे न बघता नावं पुकारत होतो. खारवेळच्या आमच्या रापणीची ही जुनी रीत. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायची आणि जाळ्यात येईल ते घरटी सारखं वाटून घ्यायचं. घरं एकतीस, म्हणून वाटे एकतीस. घरातला पुरुष गेला तरी त्या घराचा वाटा बंद होत नाही. नावं पुकारणाऱ्याने वाट्यांकडे पाठ करायची, म्हणजे कोणता ढीग कोणाच्या नावावर जातो ते त्याला दिसणार नाही. आणि वाटे घालणाऱ्याने आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा, म्हणजे त्यालाही लहान-मोठं करायचा मोह नको.

भिवाकाका तीस वर्षं वाटे घालत होते. साठी उलटलेली, अंगाने जाडजूड, रंगाने काळेकुळकुळीत, आणि रोज सकाळी न चुकता दाढी करून गाल गुळगुळीत ठेवणारा गावातला एकुलता एक माणूस. त्यांनी वाट्यात डावं-उजवं केलं असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. गावात दोन भावांचं भांडण झालं की लोक म्हणायचे, जा, भिवाकडून वाटे घालून घ्या.

मला पुकारायचं काम मिळालं होतं ते काही कर्तबगारीवर नाही. दोर ओढायची ताकदच माझ्यात नव्हती. मुंबईहून परत येऊन मला दोन महिने झाले होते. वय चोवीस, वजन चव्वेचाळीस किलो, पुढचे दोन दात गेलेले, आणि हातांना कापरं. कावीळ झाली होती असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. गावाने त्यावर इतका विश्वास ठेवला की मला उसाचा रस पाजून पाजून हैराण केलं. विश्राम मेतर, ज्याला गावात कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तो काविळीवरचं कसलंसं मूळ शोधायला उपाशी पोटी तीन गावं पायी फिरून आला होता. ते मूळ रिकाम्या पोटानेच आणावं लागतं म्हणे.

ते भाद्रपदाचे दिवस होते, सकाळचे नऊ वाजले असतील. पेडव्यांचे, म्हणजे बारीक मासळीचे, वाटे झाले. मी वळणार तोच भिवाकाका म्हणाले, “थांब रे दिगू, आजून आसा.”

मागे बायकांचा गलका झाला. कोणीतरी हसलं.

“काय गावला?” मी तोंड न वळवता विचारलं.

“तुरटी!” मंजुळावहिनी म्हणाली. “गोणभर तुरटी इली जाळ्यात. बघ दर्याची माया.”

आमच्या रापणीत काय येईल याचा नेम नसतो. एकदा साबणाचं खोकं आलं होतं, तेव्हा अख्खा गाव वर्षभर एकाच वासाने घमघमत होता. यंदा पावसाने गावची बाव, म्हणजे विहीर, गढूळ झालेली, तुरटीवाचून पाणी पिववत नव्हतं. तेव्हा बायकांचा आनंद समजण्यासारखा होता. गोणीतले पुडे फोडल्याचा आवाज आला. भिवाकाकांनी जिभेला लावून बघितलं असावं, कारण ते थुंकून म्हणाले, “कडू आसा रे. जुनी तुरटी दिसता.” मग नारळाच्या करवंटीने मापून त्यांनी वाटे घातले आणि काठी टेकवली.

“ह्यो कोणाचो?”

मी पुन्हा एकतीस नावं पुकारली. माझा आवाज त्या दिवशी छान लागला होता, हे मला अजून आठवतं.

आई वाटा घेऊन पुढे घरी गेली. मी मागून रमतगमत पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा हंडा पुढ्यात घेऊन बसली होती. तिच्या हातात एक खडा होता.

“ह्या तुरटीक काय धड आकार नाय,” ती म्हणाली. “नुसते काचेचे कपचे. दोऱ्यान बांधूक पन येना नाय.”

मी खडा बघितला आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. डोक्याला कळायच्या आधी शरीराला कळलं. तळहात घामेजले, जबडा आपोआप आवळला गेला, कान गरम झाले. दोन महिन्यांत मी ज्याचं नावही मनात घेतलं नव्हतं ते आईच्या हातात होतं आणि ती ते पिण्याच्या पाण्यात फिरवणार होती.

“आये, टाक ता खाली!”

मी एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातून खडा जमिनीवर पडला. मी तो उचलला, बाजूची करवंटी उचलली, आणि हंडा लाथेने आडवा केला. सगळं पाणी अंगणात गेलं.

“तुका येड लागला काय रे?”

“ह्या तुरटी नाय. हात धू. साबणान धू.”

“मग काय आसा ता?”

ती पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंजुळा तर तिचो वाटो बावीत सोडूचा म्हणत होती. सगळ्या गावाचा पाणी एकदमच साफ होतला म्हणान.”

मी करवंटी घेऊन धावत सुटलो.

आता जे सांगतो ते मी पुढे अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. बावीचं ऐकूनही मी वाटेत थांबलो. किनाऱ्यावर एक जुनी होडी पालथी घातलेली होती, तिच्या आडोशाला बसलो. हातातल्या त्या करवंटीत मुंबईत महिनोन्‌महिने पुरला असता एवढा माल होता. मी मांडवांवर रोषणाई करणाऱ्या एका कंपनीत कामाला होतो. लग्नसराईत दोन-दोन दिवस शिडीवरून उतरायची सोय नसायची. झोप येऊ नये म्हणून कोणीतरी पहिल्यांदा दिलं. मेथ, नशेचे काचेसारखे खडे. आम्ही पोरं त्याला काच म्हणायचो. पहिल्या दिवशी वाटलं की आपल्याला आता झोपेची गरजच नाही, भुकेची नाही, कोणाचीच नाही. तीन वर्षांनी भिंतीच्या आत माणसं बोलताना ऐकू यायला लागली.

माझ्या खोलीत हणमंत नावाचा जत तालुक्यातला मुलगा होता. शिडी तो धरायचा आणि वर मी चढायचो. दिवाळीला गावी जाताना तो काच घेऊन गेला. तिकडे ऊसतोडीचा हंगाम, ट्रॅक्टरवाल्यांना रात्रंदिवस खेपा. तोही ट्रॅक्टर चालवायला तिथेच राहिला. त्याने आधी एकाला दिली, मग मागणारे वाढले. संक्रांतीपर्यंत त्याच्या वाडीत नऊ जण जागे होते, आणि शिमग्याच्या आधी हणमंत स्वतःच्याच ट्रॉलीखाली गेला. त्याच्या फोनवरून त्याच्या वडिलांनी मला फोन केला होता. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरांनो, तुम्ही माझ्या वाडीत हे काय आणून टाकलंत?” त्या फोननंतर मला तिथे राहवेना, आणि आषाढात मी मुंबई सोडली.

होडीमागे बसून मला तो आवाज जसाच्या तसा आठवत होता. आणि आठवत असतानाच माझ्या बोटांनी करवंटीतला सुपारीएवढा एक खडा निवडला, खिशातल्या एसटीच्या जुन्या तिकिटात गुंडाळला आणि पुन्हा खिशात ठेवला. मी माझ्याच बोटांकडे दुसऱ्या कोणाची असल्यासारखा बघत होतो. मग उठलो आणि भिवाकाकांच्या घराकडे पळालो.

काका ओट्यावर जाळं शिवत होते. मी करवंटी त्यांच्यापुढे ठेवली. धाप लागली होती.

“काका, माका कावीळ झाली नव्हती.”

त्यांनी सुई थांबवली. “ठावक आसा.”

“कसा काय?”

“कावीळ झाली तर डोळे पिवळे होतत. तुझे तांबडे होते. मी इचारूक नाय, तू सांगूक नाय.” मग त्यांनी करवंटीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. “ह्या ता काय?”

“ह्या ता.”

“नक्की?”

“काका, ह्या मी इसरूचंय नाय. मंजुळावहिनी बावीत टाकूक गेली आसा.”

माणूस जाडजूड होता, पण उठला तो असा उठला की जाळं त्यांच्या पायात गुंतून ओट्यावरून खाली फरफटत आलं. खुंटीवरचा शंख त्यांनी ओढून काढला. मासळीचा थवा दिसला की गावाला दोर ओढायला बोलवायचा तो शंख. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी तो तीनदा फुंकला.

शंख वाजला की आमच्या गावात कोणी हातातलं काम पुरं करत बसत नाही. चुलीवरची भाकरी चुलीवर राहते. पाच मिनिटांत सगळा गाव किनाऱ्यावर. मंजुळावहिनी बावीवरूनच धावत आली होती. तिची करवंटी भरलेलीच होती, कारण बावीवर आधी दोन कळशा भरून घ्याव्यात असा तिने विचार केला होता. त्या दोन कळशांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

“खय आसा मासळी?” विश्राम दर्याकडे बघत म्हणाला.

“मासळी नाय,” भिवाकाका म्हणाले. “दिगू काय सांगता ता ऐका.” आणि त्यांनी मला खांद्याला धरून लोकांसमोर उभं केलं. इतके दिवस मी त्या माणसांकडे पाठ करून त्यांची नावं पुकारली होती. पहिल्यांदाच तोंड त्यांच्याकडे होतं.

“ती तुरटी नाय,” मी म्हणालो. “ता मेथ आसा. नशेचा. पाण्यात टाकलास तर सगळी आजारी पडतली. कोणी टाकला काय?”

कोणी टाकलं नव्हतं. दोघींनी हंडे भरायला ठेवले होते एवढंच.

“आनी तुका रे काय ठावक?” विश्राम म्हणाला. “तू खंयचो डॉक्टर?”

मी आईला शोधलं. ती मागे उभी होती, ओल्या लुगड्यात.

“मी मुंबयत तीन वर्सा ह्याच घेत होतंय,” मी म्हणालो. “ह्येनाच माझे दात गेले. कावीळ नव्हती ती. मी तुमका खोटा सांगितलंय.”

आईने मान खाली घातली नाही, ती माझ्याकडेच बघत होती. मी वाट बघत होतो ती कोणीतरी थुंकायची, कोणीतरी अंगावर धावून यायची. विश्राम पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

“शिरा पडो तुझ्या तोंडार! तुझ्या काविळीसाठी मी तीन गावा उपाशी फिरलंय!”

आणि कोणीतरी हसलं. आधी एक बाई, मग दोघी, मग सगळेच. विश्राम सोडून. मी त्या हसण्याचा आधार घेऊन उभा राहिलो, नाहीतर तिथेच वाळूत बसलो असतो.

भिवाकाकांनी सगळ्यांना घरी पाठवून आपापले वाटे आणायला लावले आणि शिडाचं जुनं कापड पसरलं. “पुकार,” ते म्हणाले. “आज उलटे वाटे.”

मी सवयीने पाठ फिरवली आणि नावं घेतली. प्रत्येक नावाला एक करवंटी कापडावर रिकामी झाल्याचा आवाज येत होता. विश्राम मेतर. मंजुळा केळुसकर. आवडाबाई टिकम, म्हणजे माझी आई, तिचा वाटा काकांनी ठेवला. शेवटी त्यांनी स्वतःचा ठेवला. एकतीस. मी वळलो. माझा हात खिशावर होता. तो तिथे किती वेळ होता देव जाणे. मला वाटलं सगळे माझ्या खिशाकडेच बघताहेत. खडा काढून टाकावा असं वाटत होतं, पण मघाशी मी खोट्याची कबुली दिली होती, आणि आता परत एक खोटं या सगळ्यांसमोर खिशातून बाहेर काढायला माझा हात उठेना. ठेवावा तर संध्याकाळपर्यंत मी तो घेतलेला असता. हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकं समोरचं पाणीही दिसत नव्हतं.

भिवाकाका घसा खाकरले.

“आता सगळ्यांनी दर्याकडे तोंड करा,” ते म्हणाले. “पाठ फिरवा. बायलमाणसांनी पन. मी पन फिरवतंय. कोणाकडे चुकान कायतरी रवला आसात तर त्येना मागे येवन ठेवचा नि परत आपल्या जाग्यार जावचा. कोण बघूचो नाय. आनी मागसून कोण इचारूचो पन नाय.”

“माझ्याकडे काय नाय,” विश्राम म्हणाला.

“मग गप उभो रव.”

एकतीस घरं पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही. थोड्या वेळाने वाळूत कोणाची तरी पावलं वाजली. जड, थांबत थांबत गेली आणि तशीच परत आली. मग हलकी पावलं, काकणांच्या आवाजासकट. मला वाटलं होतं की या अख्ख्या गावात अपराधी मी एकटा आहे. तसं नव्हतं. माझे पाय सुटले. मी मागे गेलो, खिशातलं तिकीट काढलं, ते तसंच कापडावर ठेवलं आणि परत येऊन उभा राहिलो. कोणाची मान हलली नाही. माझ्या शेजारी उभा असलेला विश्राम तर डोळेही मिटून घेऊन उभा होता.

आम्ही वळलो तेव्हा ढिगाशेजारी पाच लहानसे जिन्नस पडले होते. एक फडक्यात, एक केळीच्या पानात, एक नुसताच, एक तंबाखूच्या पुडीत आणि एक एसटीच्या तिकिटात. भिवाकाकांनी काठीने ते पाचही ढिगात लोटले.

भिवाकाकांनी ठाण्याला निरोप धाडला आणि दुपारी फौजदार आले. पंचनामा झाला, कापडासकट सगळं मोहोरबंद झालं. निघताना त्यांनी विचारलं, “हे मेथ आहे हे ओळखलं कोणी?”

भिवाकाका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

“रापणीन,” ते म्हणाले.

“म्हणजे कोणी?”

“म्हणजे सगळ्यांनी, सायबानू. आमच्याकडे जा काय होता ता सगळे मिळानच करतत.”

फौजदारांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि वही मिटली. त्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत.

गाडी गेली. लोक पांगायला लागले तसे काका म्हणाले, “रवा. एक वाटो घालूचो रवलो.”

“कसलो?”

त्यांनी काठी माझ्या पायाशी टेकवली. “ह्येचो. जाळ्यात इला ता सगळ्यांचा. ह्यो पन मुंबयसून आमच्याच जाळ्यात इलो. एकटो रवलो तर बुडतलो. एकतीस घरा आसत, एकतीस दिवस. ज्येचो दिवस त्येनी ह्येका सकाळपासून आपल्याबरोबर ठेवचो, जेवक घालूचा, कामाक लावचा, एकटो सोडूचो नाय. महिनो संपलो काय परत पयल्यापासून.”

मी म्हणालो, “काका, मी काय पेडवे आसंय, वाटूक?”

“पेडवे तुझ्यापेक्षा जड भरतत,” मंजुळावहिनी म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, इथे संपलं. कोण अंगावर घेतं असलं लचांड? मग विश्राम पुढे आला.

“पयलो दिवस माझो,” तो म्हणाला. “त्या मुळाचो काढो आजून अर्धो शिल्लक आसा. तो आधी ह्येका पाजतंय.”

कावीळ नसलेल्या माणसाने काविळीचा तो काढा दुसऱ्या दिवशी विश्रामच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. त्याहून कडू मी आयुष्यात काही प्यायलो नाही, आणि त्याहून गुणकारीही नाही.

एकतीस दिवस मी एकतीस घरी जेवलो, आणि मग पुन्हा एकतीस. कोणाकडे जाळी शिवली, कोणाकडे माड शिंपले, कोणाकडे म्हातारीला पोथी वाचून दाखवली. मंजुळावहिनीकडे कौलं शाकारताना मला एकदा असा सपाटून मोह झाला की मी छपरावर बसून रडलो. तिने खालून शिडी काढून घेतली आणि म्हणाली, “रड. रडून झाला काय हाक मार.” दर मंगळवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे जायचं असायचं, तेव्हा ज्याचा दिवस तो बरोबर यायचा. विश्राम आला होता तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही याचे कोण? विश्राम बराच वेळ विचार करून म्हणाला, “मंगळवारवालो.”

दुसऱ्या वर्षी मी दोर ओढायला लागलो. मधे एकदा घसरलोही होतो. सावंतवाडीला गेलो होतो, तिथे जुना ओळखीचा भेटला. परत आलो तो स्वतःच भिवाकाकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी खुंटीवरचा शंख काढून फुंकला, आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात झाली.

त्या भाद्रपदाला अकरा वर्षं झाली तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर खाट टाकलेली, उशाला ती काठी. पांढरी दाढी छातीपर्यंत आली होती. रोज गुळगुळीत दाढी करणाऱ्या या माणसाने त्या घटनेनंतर वस्तराच सोडला होता. आम्ही समजलो, वय झालं.

“काठी आता तू घे,” ते म्हणाले. “वाटे घाल.”

मग मी त्यांना होडीमागचं सगळं सांगितलं. बावीचं ऐकूनही थांबलो ते, सुपारीएवढा खडा, तिकीट. “काका, तुमका कळला होता ना? तुमी माझ्यासाठीच सगळ्यांका पाठ फिरवूक सांगितलात. त्या दिवशी तुमी तसा केला नसतात तर मी आज जगाक नव्हतंय.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. हसता हसता खोकला आला, मी त्यांना पाणी पाजलं, तरी हसत होते.

“तुझ्यासाठी?” ते म्हणाले. “अरे झिला, माका काय ठावक तुझ्याकडे होता ता?”

“मग?”

त्यांनी दारातून आत बघितलं. काकू आसपास नाही याची खात्री केली. आवाज खाली आणला.

“पुडो फोडलो तेवा एक बरोसो खडो बघलंय. दाढीक बरो म्हणान वाटे घालूच्या आधीच कनवटीक लावलंय. तीस वर्सात एकदाच. आनी नेमको तोच.” त्यांनी डोळे मिटले. “माझो वाटो ठेवलंय नि कनवटीक हात गेलो. आता सगळ्यांच्या देखत कसो काढू? वाटे घालणारो भिवा सारंग, आनी कनवटीक चोरीचो खडो. म्हणान म्हटलंय, पाठ फिरवा.”

“पयली पावला...” मी म्हणालो.

“माझीच ती. तुरटीक त्या दिवसापासून हात लावूक नाय.” ते आपली दाढी कुरवाळत होते. “तुका वायट वाटला?”

मला वाईट वाटलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. ते पायही गुदगुल्या होतात म्हणून ओढून घ्यायला लागले. आठ दिवसांनी ते गेले.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. वाटे मी घालतो. पुकारणं झालं, सगळ्यांनी आपापले वाटे उचलले की माझा वाटा उचलायच्या आधी मी म्हणतो, “आता पाठ फिरवा.” नवीन सुना विचारतात, हे कशाला? मी सांगतो, रीत आहे. मग सगळे घटकाभर दर्याकडे तोंड करून उभे राहतात, मीही राहतो. कधी काहीच होत नाही. कधी वाळूत पावलं वाजतात, आणि वळून बघावं तर माझ्या वाट्यावर एखादा बांगडा जास्त असतो. कोणी ठेवला ते मी अजून एकदाही बघितलेलं नाही.